वंशावळीत आत्याही हवी

जातपडताळणीच्या अर्जासाठी वंशावळ लागते. घरातले जाणते ती काढायला बसले की पणजोबा-खापरपणजोबांपर्यंतची नावं भराभर निघतात. कुलवृत्तांत छापलेली घराणी तर दोन-तीनशे वर्षं मागे जातात. या कागदांत मुलगी आली तरी एका ओळीपुरती येते: माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव. तिची मुलं-नातवंडं दुसऱ्या घराण्याच्या कागदावर जातात, आणि ती कोणत्या वयात, कशाने गेली हे दोन्हींकडे लिहिलेलं नसतं.

कॅन्सर घराण्यातून येतो का, हे शोधायचं असेल तर मात्र नेमकी हीच माहिती लागते. तीन पिढ्यांतली सगळी माणसं, आईच्या बाजूची आणि वडिलांच्या बाजूची, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. कुणाला कोणता आजार झाला, कितव्या वर्षी झाला. जनुकीय चाचणीचं यंत्र कितीही आधुनिक असलं तरी ती कुणाची करायची आणि कोणत्या जनुकासाठी, हे ठरतं ते या घरगुती माहितीवरून. आपल्याकडे ती सहसा तुटकी असते, आणि तुटते ती बहुतेकदा बायकांच्या ठिकाणी.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. शंभरातल्या साधारण पाच ते दहा कॅन्सरांमागे आईवडिलांकडून आलेला एखादा ठळक जनुकीय दोष असतो. बाकीच्यांमागे वय, तंबाखू, दारू, काही विषाणू, स्थूलपणा, प्रदूषण, आणि पेशी विभागताना सहज होणाऱ्या चुका असतात. तीन भावांना तोंडाचा कॅन्सर झाला आणि तिघेही दिवसभर तंबाखू मळत होते, तर तिथे घराण्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण एकाच घरात दोघी-तिघींना चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला, किंवा वडील, काका आणि आत्या अशा तिघांना आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर झाला, तर त्याला योगायोग म्हणून सोडून देणंही चूक आहे.

हे पहिल्यांदा ओळखलं ते घरातल्याच माणसांनी. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई येत असे. १८९५ साली ती एकदा फार उदास दिसली, म्हणून त्यांनी कारण विचारलं. आपल्या घरातली बहुतेक माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, आपणही तशाच आणि तरुणपणीच जाणार, असं तिने सांगितलं. त्या काळच्या कुणाही डॉक्टरने तिची समजूत घालून विषय मिटवला असता. वॉर्थिननी तिला घराण्याची माहिती गोळा करायला सांगितलं. ती नातेवाइकांकडून कोण कधी गेलं, कशाने गेलं हे विचारून आणत गेली आणि ते मांडत गेले. १९१३ साली त्यांनी ही वंशावळ प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या इतिहासात जर्मनीतून आलेलं हे कुटुंब ‘फॅमिली जी’ म्हणून ओळखलं जातं. ती बाई पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनेच वारली.

वॉर्थिनचं काम त्यानंतर बरीच वर्षं बाजूला पडलं. १९६०च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच या डॉक्टरांना तसाच एक रुग्ण भेटला. आपल्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार, म्हणून मी पितो, असं तो सांगे. लिंचनी त्याच्या कुटुंबाचा माग काढला आणि १९६६ साली अशा दोन मोठ्या घराण्यांची हकिकत छापली. कॅन्सरचं कारण वातावरणात किंवा विषाणूंतच असणार, असं तेव्हा बहुतेकांना वाटत असे. लिंचच्या म्हणण्याकडे कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही, संशोधनासाठी पैसेही नाकारले गेले. पण ते घराघरांत जाऊन नोंदी करत राहिले. आज या आजाराला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. ‘फॅमिली जी’चा धागाही त्यांनीच पुन्हा उचलला आणि १९७१ साली पंचाहत्तर वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. शेवटी, शिवणकाम करणाऱ्या त्या बाईच्या उदास उद्गारानंतर शंभरएक वर्षांनी, त्या घराण्यातला दोष नेमका सापडला: एमएसएच-२ नावाच्या जनुकात. तोवर या कुटुंबाचे नऊशेहून अधिक वंशज नोंदले गेले होते.

या घराण्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या पिढ्यांत पोटाचा, म्हणजे जठराचा कॅन्सर जास्त होता. पुढच्या पिढ्यांत तो कमी होत गेला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. जनुकातला दोष तोच, पण खाणंपिणं आणि राहणीमान बदललं तसं दुखणं शरीरात दुसरीकडे उमटू लागलं. बाकीच्या अमेरिकेतही त्याच काळात असाच बदल होत होता. म्हणजे वारसा आणि राहणी यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही.

एमएसएच-२सारखी जनुकं करतात काय? पेशी विभागते तेव्हा तिला डीएनएची सुमारे सहा अब्ज अक्षरजोड्यांची प्रत काढावी लागते. त्यात चुका होतातच. या जनुकांपासून तयार होणारी प्रथिनं प्रतीवरून फिरतात, जुळत नसलेली अक्षरं हेरतात आणि दुरुस्ती घडवून आणतात. हे काम बंद पडलं की चुका साठत जातात. साठलेल्या चुकांपैकी एखादी पेशीच्या वाढीवरचा ताबा घालवते.

मग लिंच सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसापासून कॅन्सर का नसतो? याचं उत्तर आलं एका वेगळ्याच आजारातून. रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्यांतला कॅन्सर. ह्यूस्टनमधल्या आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली अशा ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या त्यांना आजार फार लवकर झाला होता, एकाच डोळ्यात होत्या त्यांना उशिरा. वयांची ही आकडेमोड करून नडसननी अनुमान काढलं की कॅन्सर व्हायला दोन घाव लागतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. वस्तीला पाण्याच्या दोन विहिरी असाव्यात, तसं. आनुवंशिक दोष असलेल्या माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक विहीर जन्मापासून आटलेली असते. दुसरीवर सगळं नीट चालतं, कुणाला कळतही नाही. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही आटली की तिथून आजार सुरू होतो. इतरांच्या बाबतीत एकाच पेशीतल्या दोन्ही विहिरी आयुष्यभरात आटाव्या लागतात, म्हणून त्यांना तो विरळा आणि उशिरा होतो. रेटिनोब्लास्टोमाचं जनुक १९८६ साली हाती आलं आणि नडसनचं म्हणणं खरं ठरलं.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. वारशाने येतो तो कॅन्सर नसतो, त्याची वाढलेली शक्यता येते. आणि कमी वय ही मोठी खूण आहे. सत्तरीतल्या आजीचा स्तनाचा कॅन्सर आणि चौतिसाव्या वर्षीचा मावशीचा, या दोन्हींचं वजन सारखं नाही. (रेटिनोब्लास्टोमाचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो: फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मूल आणि त्याची नजर दोन्ही वाचू शकतात.)

सर्वांना ऐकून माहीत असतात ती जनुकं म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. स्तनाच्या कॅन्सरला एकच जनुक जबाबदार असू शकेल, यावर १९८०च्या दशकात फार थोड्यांचा विश्वास होता. मेरी-क्लेअर किंग या बाई कॅलिफोर्नियात सतरा वर्षं त्याचा पिच्छा पुरवत होत्या. त्यांनीही सुरुवात वंशावळींपासूनच केली. १९९० साली त्यांनी दाखवून दिलं की कमी वयात आजार होणाऱ्या कुटुंबांत त्याचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली जनुक सापडलं, पुढच्या वर्षी दुसरंही. एका अमेरिकन कंपनीने त्यांचं पेटंट घेतल्यामुळे ही चाचणी बरीच वर्षं महाग राहिली. निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर पेटंट घेता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३मध्ये दिला. त्याच्या आदल्याच महिन्यात अँजेलिना जोलीने आपल्याला बीआरसीए-१चा दोष असल्याचं आणि दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं. तेव्हापासून हे नाव मराठी वर्तमानपत्रांतही येऊ लागलं.

पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार बीआरसीए-१चा दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि बीजाशयाचा सुमारे ४४ टक्के असते. बीआरसीए-२मध्ये हेच आकडे सुमारे ६९ आणि १७. म्हणजे दोष असूनही काहीजणींना कॅन्सर कधीच होत नाही. आणि ज्यांना झाला नाही त्याही तो दोष पुढच्या पिढीला देऊ शकतात.

आता जनुकीय समुपदेशनाच्या खोलीत डोकावू. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याचं खारघरचं ॲक्ट्रेक केंद्र इथे कॅन्सर-आनुवंशिकीचे खास दवाखाने आहेत, आणि मोठ्या खाजगी रुग्णालयांतही समुपदेशक असतात. समोर कागद असतो. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्याचा आकार भरीव काळा. आणि संवाद साधारण असा होतो:

“वडिलांना बहिणी किती?”

“दोन. थोरल्या आत्या लवकर गेल्या.”

“कशाने?”

“पोटात पाणी झालं होतं म्हणे. मी तेव्हा चौथीत होते.”

इथे समुपदेशकाची पेन्सिल थबकते. पोटात पाणी यकृताच्या आजारातही होतं, हृदयाच्याही आणि क्षयातही. पण पन्नाशीच्या आतल्या बाईच्या पोटात पाणी होऊन ती काही महिन्यांत गेली असेल, तर तो बीजाशयाचा कॅन्सर असू शकतो. तो बहुधा अशाच अवस्थेत कळतो. तसंच ‘अंगावरून फार जायचं’ म्हणजे गर्भाशयाचा कॅन्सर असू शकतो. ‘कावीळ झाली ती उतरलीच नाही’ यामागे कधी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो. ‘छातीत गाठ होती, दाखवली नाही’ हे तर उघडच आहे. आपल्या घरांतली वैद्यकीय नोंदवही ही अशी आहे. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ती आणखी आक्रसते, तिथे सगळेच ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘दीर्घ आजाराने’ जातात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी वेळेवर बोलायला हवं. ऐंशीच्या चुलत आजींना जे आठवतं ते कुठल्याही फाइलमध्ये नाही.

वरच्या संवादात आत्या आली, हा योगायोग नाही. ‘हा बायकांचा आजार, तो आईकडून येणार,’ असा समज सुशिक्षित घरांतही घट्ट आहे, आणि कित्येकदा डॉक्टरही वडिलांकडचं विचारायला विसरतात. बीआरसीएचा दोष वडिलांकडून यायची शक्यता आईकडून यायच्या शक्यतेइतकीच असते. वडील स्वतः ठणठणीत असतात, त्यांना बहीण नसली किंवा एकच असली तर घरात काहीच दिसत नाही. दोष मुकाट्याने त्यांच्या मुलीत उतरतो. शिवाय पुरुषांनाही त्याची झळ लागते: बीआरसीए-२च्या दोषात प्रोस्टेटच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि क्वचित पुरुषाच्या छातीतही स्तनाचा कॅन्सर होतो. लिंच सिंड्रोममध्ये मुलगा-मुलगी असा भेद जवळजवळ नाहीच. प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी.

महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न होतं, म्हणून एक गोष्ट इथे सांगायला हवी. वर सांगितलेले बहुतेक आजार एका बाजूची प्रत बिघडली तरी धोका वाढवतात, त्यासाठी नात्यात लग्न व्हावं लागत नाही. पण नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असली आणि दोघांकडेही लिंचच्या जनुकातला तोच दोष असला, तर त्यांच्या मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलांना रक्ताचे, मेंदूचे, आतड्याचे कॅन्सर लहानपणीच होऊ शकतात. त्यांच्या अंगावर बऱ्याचदा फिकट कॉफीच्या रंगाचे डाग असतात. घरात कमी वयातले आतड्याचे कॅन्सर असतील तर असं लग्न ठरवण्यापूर्वी समुपदेशकाला भेटणं शहाणपणाचं.

चाचणी सोपी आहे, रक्ताचा किंवा लाळेचा नमुना. अवघड असतं ते सुरुवात कुणापासून करायची हे. सुरुवात शक्यतो कॅन्सर झालेल्या माणसापासून करायची असते. तिशीतल्या निरोगी मुलीची चाचणी आधी केली आणि काही सापडलं नाही, तर दोन शक्यता उरतात: घरातला दोष तिच्यात आला नाही, किंवा घरातला दोष या चाचणीला दिसतच नाही. दोन्हींत फरक करता येत नाही. आजारी मावशीत दोष सापडला असेल तर मात्र इतरांना फक्त तेवढाच शोधायचा असतो, आणि नाही सापडला तर ती सुटका खरी असते.

अहवालात कधीकधी ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असा शेरा येतो. जनुकात काहीतरी वेगळं आहे, पण ते घातक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. भारतीयांना हा शेरा जास्त मिळतो, कारण तुलनेसाठीचे माहितीसाठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. अशा शेऱ्यावरून कुणीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. यातले बरेचसे बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

दोष सापडलाच तर पुढे काय? इथे गेल्या तीस वर्षांत खूपच मजल मारली गेली आहे. लिंच असेल तर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून आतड्यातल्या गाठी कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतात. जॉन बर्न यांच्या ब्रिटनमधल्या गटाने दाखवलं की अशा लोकांनी काही वर्षं ॲस्पिरिन घेतलं तर आतड्याचा कॅन्सर लक्षणीय कमी होतो. मात्र ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. बीआरसीए असेल तर पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय. बीजाशयाचा कॅन्सर वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुलं झाल्यावर, पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, बीजाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. निर्णय सोपा नाही. अकाली पाळी जाणं, हाडं ठिसूळ होणं या सगळ्याचा विचार करून त्या बाईनेच तो घ्यायचा असतो, सासरच्या किंवा माहेरच्या बैठकीने नव्हे.

आणि आजार झालाच तर तोच दोष उपचाराचा दरवाजाही होतो. बीआरसीए बिघडलेल्या पेशीला तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही, ती दुसऱ्या एका वाटेवर तग धरते. २००५ साली दोन गटांनी दाखवलं की ती दुसरी वाट औषधाने बंद केली तर कॅन्सरपेशी मरते, निरोगी पेशी मात्र टिकते. त्यातून आलेलं ओलापारिब हे औषध २०१४पासून वापरात आहे. लिंचच्या गाठींत इतक्या चुका साठलेल्या असतात की त्या प्रतिकारशक्तीला परक्या वाटू लागतात, म्हणून इम्युनोथेरपी तिथे विशेष लागू पडते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये असाच दुरुस्ती-दोष असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, आणि बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. २०२२ सालची ही गोष्ट.

इतकं सगळं हाताशी असताना आपल्याकडे अडतं ते बोलण्यावर. ‘मुलींची लग्नं व्हायची आहेत, बाहेर बोलू नका,’ हे वाक्य समुपदेशकांना सतत ऐकू येतं. ही भीती उगाच नाही. सोयरीक मोडते, विमा कंपनी आडवी येईल असं वाटतं, आणि जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा २००८ साली अमेरिकेत झाला तसा वेगळा कायदा भारतात अजून नाही. तो व्हायला हवा, आणि त्याची मागणी रुग्णांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. पण गप्प बसण्याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्या बहुतेकदा दुसऱ्या घरात गेलेल्या मुली असतात, आणि त्यांना आपण कसली किंमत मोजतोय हेच ठाऊक नसतं.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्याने दुसरी वाट धरली. त्यांच्यात जठराच्या कॅन्सरने तरुण माणसं एकामागोमाग जात होती. एंडोस्कोपीत काही दिसत नसे, कारण या प्रकारात कॅन्सरच्या पेशी अस्तराखाली पसरतात. घराण्याने स्वतः वंशावळ मांडली, संशोधकांना बोलावलं आणि त्यांच्याबरोबरीने काम केलं. १९९८ साली सीडीएच-१ या जनुकातला दोष सापडला. पुढे चाचणी करून अनेकांनी आजार होण्याआधीच जठर काढून घेतलं. जठराशिवाय थोडंथोडं, अनेकदा खात माणूस जगतो. आज याच जनुकाच्या चाचणीमुळे जगभरातल्या कित्येक घरांतली तरुण माणसं वाचतात.

आपल्या घरात कुणाला दोष सापडला तर दवाखान्यातून नातेवाइकांसाठी एक पत्र मागून घ्या, ते मिळतं. त्यात जनुकाचं नाव, दोषाचं नेमकं वर्णन आणि प्रयोगशाळेचा अहवाल असतो. आत्येबहीण नाशिकला असो की न्यू जर्सीला, ते पत्र हातात असलं की तिथल्या प्रयोगशाळेला शोधाशोध करावी लागत नाही, ती तेवढी एक जागा तपासते. पत्राबरोबर गेलेल्या माणसाचा जुना बायोप्सी रिपोर्ट असेल तर त्याचीही प्रत द्या. रुग्णालयात मेणाच्या वडीत जपलेला गाठीचा तुकडा कित्येक वर्षांनंतरही तपासता येतो. तो फेकला गेला नाही ना, हे फोन करून विचारून घ्या.